कुपोषण आणि लठ्ठपणा यांच्या खर्चाची बेरीज करावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एका संस्थेसाठी टिपण लिहिताय, त्यात कुपोषण आणि लठ्ठपणा यांची समाजाला मोजावी लागणारी किंमत दाखवायची आहे. शोधायला बसलात आणि आकड्यांच्या ढिगाऱ्यात सापडलात: कुठे वर्षाला 3.5 लाख कोटी डॉलर, कुठे 4.3 लाख कोटी, एका देशात जीडीपीच्या 1.9 टक्के, शेजारच्या ओळीत दुसऱ्या देशात 16.5 टक्के. यातला खरा कोणता, दोन्हींची बेरीज करून एकच ठसठशीत आकडा देता येईल का, आणि निधी तुटपुंजा असेल तर आधी कुठे घालावा, असं तुम्ही विचारलंय.

असे अंदाज बांधणं आणि दुसऱ्यांनी बांधलेले तपासणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. बेरीज करू नका, हे आधीच सांगतो. यातले बहुतेक आकडे आपापल्या जागी ठीक आहेत, पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. शिवाय टिपण वाचणाऱ्याला एकूण रकमेपेक्षा हा खर्च कोण भरतं, केव्हा भरतं आणि तो कुठल्या वहीत नोंदला जातो, हे कळणं जास्त उपयोगाचं. तिथेच या दोन प्रश्नांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आधी तो 3.5 लाख कोटींचा आकडा, कारण सगळ्यात जास्त फिरतो तोच. तो संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या 2013 च्या अहवालातला. त्यात अल्पपोषण आणि सूक्ष्मपोषकांची कमतरता यांचा तोटा जागतिक उत्पन्नाच्या 2 ते 3 टक्के, म्हणजे 1.4 ते 2.1 लाख कोटी डॉलर धरला होता. उरलेले 1.4 लाख कोटी लठ्ठपणाचे, असं सगळे समजून चालतात. प्रत्यक्षात ते सगळ्या असंसर्गजन्य आजारांचे होते. लठ्ठपणाचा वेगळा जागतिक अंदाज तेव्हा उपलब्ध नव्हता, हे अहवालातच लिहिलेलं आहे. पण पुढे उतारे करताना ती ओळ गळली आणि तंबाखूमुळे होणाऱ्या कर्करोगाचा खर्चही बघता बघता आहाराच्या खात्यावर चढला. 4.3 लाख कोटी हा आकडा 2023 चा, तोही 2035 साठीचा भाकिताचा, आणि त्यात लठ्ठ माणसांबरोबर नुसतं वजन जास्त असलेलेही धरलेत. या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही, मग बेरीज कुठली?

आता कुपोषणाच्या बाजूचा खर्च कसा काढतात ते पाहू. इथे दवाखान्याचं बिल हा हिशेबाचा छोटा भाग असतो. मोठा भाग असतो पुढे कधीही न मिळालेल्या कमाईचा. गर्भारपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांत मूल खुरटलं तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, शाळेत उशिरा जातं, वर्गात मागे पडतं, लवकर शाळा सोडतं आणि वीस वर्षांनी कमी मजुरीच्या कामाला लागतं. हा तोटा झाल्याची पावती कुणाकडेच नसते. ज्याचं नुकसान झालं त्यालाही ते ठाऊक नसतं.

आणि या सगळ्या साखळीचं पहिलं टोक कुठे असतं, तर एका लाकडी मोजपट्टीवर. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून मोजतात. एकाने डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी तळव्यांना भिडवायची. मूल रडत असतं, पाय आखडून घेतं, गुडघा जरा जरी वाकला तरी सेंटिमीटरभर माप कमी येतं. दोन वर्षांच्या मुलाची आडवी लांबी जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार मध्यावर 87.8 सेंमी असायला हवी, 81.7 च्या खाली गेला की तो 'खुरटलेला'. उभं करून मोजलं तर तोच मुलगा 0.7 सेंमीने कमी भरतो, म्हणून उभ्या मापाची रेषा वेगळी, 81.0. कुठल्या पद्धतीने मोजलं हे सर्वेक्षणात नीट लिहिलेलं नसेल, तर पुढचे कोट्यवधींचे हिशेब तिथेच डळमळतात. कुठलाही देशपातळीवरचा अहवाल हातात आला की मी आधी मोजमापाचं परिशिष्ट उघडतो, निष्कर्ष नंतर.

त्याहून खोल अडचण त्या रेषेचीच आहे. 81.5 सेंमीचा मुलगा नुकसानीत मोजला जातो, 82 सेंमीचा सुटतो. वास्तविक जिथे कुपोषण आहे तिथे सगळ्याच मुलांची वाढ थोडीथोडी मागे सरकलेली असते, रेषेच्या वरच्यांचीसुद्धा. म्हणजे 'खुरटलेली मुलं गुणिले दरडोई तोटा' हा हिशेब एका बाजूने कमी पडतो. दुसऱ्या बाजूने तोच जास्तही होतो, कारण कमाई कमी होते ती सगळीच बुटकेपणाने नव्हे. गरिबी, सततची जुलाबाची दुखणी, घरात बोलायला-खेळवायला कुणाला वेळ नसणं, ही कारणं उंचीही खाऊन टाकतात आणि कमाईही. नुसती बुटक्या आणि उंच माणसांच्या पगारांची तुलना केली, तर सगळा दोष आहाराच्या माथी येतो.

यातून वाट काढणारे प्रयोग थोडेच आहेत, पण मोलाचे आहेत. ग्वाटेमालातल्या चार गावांत 1969 ते 1977 या काळात मुलांना पूरक आहार दिला गेला. दोन गावांत प्रथिनयुक्त पेज, दोन गावांत प्रथिनं नसलेलं गोड पेय. ती मुलं मोठी झाल्यावर त्यांची कमाई तपासली, तेव्हा पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या पुरुषांची ताशी मजुरी सुमारे 46 टक्क्यांनी जास्त निघाली. हा आकडा तुम्हाला प्रत्येक सादरीकरणात भेटेल. सोबतची गोष्ट क्वचित भेटते: स्त्रियांच्या मजुरीत तसा ठळक फरक दिसला नाही. रोजगारच मर्यादित असतील तर सुदृढ शरीराची किंमत बाजार देत नाही. जमैकात 1986-87 मध्ये 129 खुरटलेल्या मुलांवर केलेला प्रयोग तर आणखी बोलका आहे. काही मुलांना पूरक आहार दिला, काहींच्या घरी आठवड्याला कार्यकर्ती जाऊन आईला मुलाशी खेळायला-बोलायला शिकवत असे. वीस वर्षांनी कमाईत सुमारे 25 टक्क्यांची वाढ दिसली ती खेळण्या-बोलण्याच्या गटात. नुसत्या आहाराचा परिणाम टिकला नव्हता. म्हणून 'कुपोषणाचा तोटा' म्हणताना नुसत्या अन्नाचा तोटा म्हणायचंय की हलाखीतल्या बालपणाचा, हे टिपणात स्पष्ट लिहा.

1.9 आणि 16.5 चं कोडंही इथेच सुटतं. आफ्रिकेतल्या देशांसाठी एकाच पद्धतीने केलेल्या अभ्यासमालेतले हे आकडे आहेत, पहिला इजिप्तचा, दुसरा इथिओपियाचा, दोन्ही 2009 सालासाठीचे. इथिओपियात तेव्हाच्या प्रौढांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोक बालपणी खुरटलेले होते, आणि बहुतांश काम अंगमेहनतीचं. म्हणजे 16.5 हा आकडा मुख्यतः काही दशकांपूर्वीच्या उपासमारीची थकबाकी आहे. आज एकही मूल कुपोषित राहिलं नाही तरी तो आकडा पंचवीस-तीस वर्षं फारसा हलणार नाही. राज्यकर्त्यांना हे समजावणं महाकठीण, कारण त्यांना पाच वर्षांत उतरणारा आलेख हवा असतो.

कुपोषणाच्या हिशेबातला सगळ्यात निसरडा भाग म्हणजे वटावाचा दर, म्हणजे भविष्यातल्या पैशाची आजची किंमत काढताना तो दरसाल किती टक्क्यांनी कमी धरायचा ते. आज वाचवलेल्या मुलाची जास्तीची कमाई चाळीस वर्षांनी हातात येणार. त्या भविष्यातल्या 100 रुपयांची (चलन कोणतंही धरा) आजची किंमत 3 टक्के दराने सुमारे 31 रुपये, 5 टक्क्यांनी 14, आणि 8 टक्के धरलात तर पाच रुपयेही नाहीत. मूल तेच, आहार तोच, पुरावाही तोच. जागतिक बँकेने 2017 मध्ये पोषणावरच्या एका डॉलरमागे 4 ते 35 डॉलर परतावा सांगितला होता. ही एवढी मोठी पट्टी योजनेनुसार पडते खरी, पण कुठल्याही परताव्याच्या आकड्यामागे वटावाचा दर किती धरलाय हे पाहिल्याशिवाय तो आकडा उचलू नये, अशी माझी सवय आहे. तुम्हीही लावून घ्या.

याला अपवाद रक्तक्षयाचा. तिथे फळ लगेच दिसतं. इंडोनेशियाच्या रबर मळ्यांत 1970 च्या दशकात झालेल्या अभ्यासात रक्तक्षय असलेले कामगार इतरांपेक्षा कमी चीक गोळा करत होते, आणि लोहाच्या गोळ्या दिल्यावर ते इतरांच्या बरोबरीला आले. अशा अभ्यासांवरून रक्तक्षयामुळे जड अंगमेहनतीच्या कामात सुमारे 17 टक्के आणि हलक्या कामात 5 टक्के उत्पादकता घटते, असं साधारण धरतात. निधी देणाऱ्याला धीर नसेल तर टिपणाची सुरुवात इथून करा.

लठ्ठपणाकडे वळलं की चित्र उलटतं. मधुमेह, हृदयविकार, गुडघ्याची शस्त्रक्रिया, डायलिसिस: प्रत्येकाचं बिल फाटतं, ते विमा कंपनीच्या किंवा सरकारच्या वहीत चढतं आणि दरवर्षी वाढताना दिसतं. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या, म्हणजे ओईसीडीच्या, 2019 च्या अहवालानुसार सदस्य देशांच्या आरोग्यखर्चातला सरासरी 8.4 टक्के भाग वाढलेल्या वजनाशी निगडित आजारांवर जाणार आहे, आणि जीडीपी 3.3 टक्क्यांनी कमी राहणार आहे. पण दिसणारा खर्च अचूक असतो असंही नाही. आजारी माणसाचं वजन कधी कधी घटतं, गरीब माणूस दवाखान्यात कमी जातो, त्यामुळे नुसती लठ्ठ आणि सडपातळ लोकांच्या बिलांची तुलना फसवते. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी 2012 मध्ये पोटच्या मुलाच्या वजनाचा आधार घेऊन वजनातला फक्त आनुवंशिक भाग वेगळा काढला आणि त्यावरून हिशेब केला, तर लठ्ठपणामुळे वाढणारा वार्षिक वैद्यकीय खर्च 2005 च्या किमतींना 2,741 डॉलर निघाला. साध्या तुलनेतून तोच 656 डॉलर येत होता. तब्बल चौपट.

लठ्ठपणाच्या एकूण आकड्यात औषधोपचारापेक्षा मोठा हिस्सा बऱ्याचदा कामाच्या नुकसानीचा असतो. गैरहजेरी मोजता येते. हजर राहूनही काम कमी होणं कसं मोजतात माहितीये? 'गेल्या सात दिवसांत तब्येतीमुळे तुमच्या कामावर किती परिणाम झाला, 0 ते 10 मध्ये सांगा.' या एका प्रश्नावर. मी 3 म्हणालो आणि तुम्ही 5, तर आपल्यात फरक तब्येतीचा की स्वभावाचा, देव जाणे. आणि त्या उत्तराला पगाराने गुणलं की झाला राष्ट्रीय तोटा! माझ्या हिशेबात हा भाग मी वेगळ्या ओळीत दाखवतो, एकूणात मिसळत नाही.

मग पगाराचा मुद्दा. अमेरिकेतल्या 2004 च्या एका अभ्यासात गोऱ्या स्त्रियांमध्ये साधारण 65 पौंड जास्त वजनाबरोबर पगार 9 टक्क्यांनी कमी दिसला. हा लठ्ठपणाचा खर्च म्हणायचा का? मालकाने काम तेवढंच करून घेऊन पैसे कमी दिले असतील, तर अर्थव्यवस्थेचं काही बुडालं नाही. बाईचे पैसे मालकाच्या खिशात गेले, एवढंच. म्हणजे त्या बाईपुरता तोटा अगदी खरा, पण जीडीपीच्या तोट्यात तो घालणं चूक, आणि त्याचं कारण तिचं वजन नसून समोरच्याची नजर आहे. सामाजिक किंमत आणि आर्थिक किंमत वेगळ्या मांडायच्या त्या यासाठी. लठ्ठ मुलाला शाळेत चिडवतात, तो खेळाच्या तासाला बसून राहतो, ही किंमत कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्याचप्रमाणे आजारी पडणाऱ्या कुपोषित मुलाजवळ बसलेल्या आईचे दिवस, किंवा धाकट्याला सांभाळायला शाळेतून काढलेली थोरली बहीण. बिनपगारी काम जीडीपीत नाही, म्हणून त्याचा तोटाही नाही. हे हिशेबाचं आंधळेपण आहे, आणि ते टिपणात चार ओळींत का होईना सांगितलंच पाहिजे.

नुसत्या बिलावर भर दिला की काय होतं त्याचा एक नमुना. नेदरलँड्समधल्या 2008 च्या अभ्यासात वयाच्या विसाव्या वर्षापासून मरेपर्यंतचा आरोग्यखर्च काढला. निरोगी राहणाऱ्यांचा 2,81,000 युरो, लठ्ठ लोकांचा 2,50,000, धूम्रपान करणाऱ्यांचा 2,20,000. निरोगी माणूस जास्त जगतो आणि म्हातारपणी खर्च करतो, म्हणून तो सगळ्यात महाग! 'लठ्ठपणा रोखा, सरकारचे पैसे वाचतील' एवढाच तुमचा युक्तिवाद असेल तर समोरचा हिशेबनीस हा अभ्यास तुमच्यापुढे ठेवेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. पैसे वाचवायला कुणी माणसं जगवत नाही. निरोगी वर्षं हेच उद्दिष्ट आहे, खर्च हा त्यातला एक भाग, ही मांडणी पहिल्या पानावर असू द्या.

इथवरचं गाठीला बांधायचं ते असं: कुपोषणाचा तोटा बहुतांशी न झालेल्या कमाईचा, तो घर सोसतं, उशिरा सोसतं आणि बिल येत नाही. लठ्ठपणाच्या तोट्याचा मोठा भाग बिलाच्या रूपात, पुष्कळदा सामायिक तिजोरीतून जातो. म्हणून जिथे दोन्ही आहेत तिथे अर्थखात्याचं लक्ष आपसूक दुसऱ्याकडे वळतं, पहिल्याचा तोटा मोठा असला तरी.

बेरीज न करण्याचं आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. ही दोन वेगळी माणसं नसतात. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात आई उपाशी राहिली होती अशा मुलग्यांमध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी लठ्ठपणाचं प्रमाण जास्त आढळलं. शेवटच्या तिमाहीत उपासमार सोसलेल्यांमध्ये मात्र ते कमी. म्हणजे कशाची कमतरता होती याइतकंच ती केव्हा होती हेही मोलाचं. आज उत्पन्न वाढत असलेल्या देशांत हेच मोठ्या प्रमाणावर दिसतं: बालपणी खुरटलेलं शरीर मोठेपणी स्वस्त, भरपूर ऊर्जेच्या खाण्यात येऊन पडतं आणि तुलनेने कमी वजनालाच मधुमेह होतो. त्या मधुमेहाचं बिल लठ्ठपणाच्या खात्यात जातं, कर्ज मात्र कुपोषणाचं असतं. जगात पाच वर्षांखालची सुमारे 15 कोटी मुलं खुरटलेली आहेत आणि 2022 मध्ये लठ्ठ माणसांची संख्या 100 कोटींवर गेली. हे दोन आकडे शेजारी लिहिताना त्यातली पुष्कळ घरं सामायिक आहेत, हे विसरू नका.

राहिला निधीचा प्रश्न. याचं उत्तर तुमच्याकडची परिस्थिती पाहिल्याशिवाय कुणी देऊ नये, तरी माझा कल सांगतो. गर्भवती स्त्रिया आणि दोन वर्षांखालची मुलं यांच्यावरचा खर्च दोन्ही बाजूंना उपयोगी पडतो, म्हणून तिथे हात आखडता घेऊ नये. स्तनपानाला मदत, आईचं लोह, जन्माच्या वेळचं वजन, हे सगळं यात आलं. उलट कुपोषण कमी करायचं म्हणून दोन वर्षांवरच्या, उंचीला कमी पण वजनाला ठीक असलेल्या मुलांना नुसत्या कॅलरी भरवणाऱ्या योजना मला धोक्याच्या वाटतात. उंची भरून येत नाही, चरबी तेवढी येते. प्रत्येक योजनेला दुसऱ्या टोकाला तिने काय होईल, हे विचारून पाहा. लठ्ठपणासाठी माझी पसंती करांना, कारण त्यात सरकारचा खर्च नगण्य. मेक्सिकोने जानेवारी 2014 पासून साखरयुक्त पेयांवर लिटरमागे 1 पेसो कर लावला. पहिल्या वर्षी खरेदी 5.5 टक्के आणि दुसऱ्या वर्षी 9.7 टक्के घटली, आणि घट गरीब घरांत जास्त होती. गरिबावर कराचा बोजा पडतो हा आक्षेप खरा आहे, पण आजाराचा बोजाही त्याच्यावरच जास्त पडतो. तो पैसा माता-बाल पोषणाला जोडून देता आला तर आक्षेपाची धार बरीच कमी होते. तसा तो जोडला जाईलच असं गृहीत मात्र धरू नका, अर्थखात्यांना असे बांधलेले पैसे आवडत नाहीत.

टिपणात प्रत्यक्ष काय लिहाल? मी असतो तर एक मोठा आकडा टाळून दोन रकाने केले असते: न झालेली कमाई आणि झालेला खर्च. प्रत्येक रकमेपुढे ती कोण भरतं, किती वर्षांनी भरतं, आणि वटावाचा दर 3 आणि 5 टक्के धरून ती किती होते. कामाची घट स्वतंत्र ओळीत, बिनपगारी काळजी शब्दांत. तुमच्या भागातली खुरटलेल्या मुलांची टक्केवारी, रक्तक्षयाचं प्रमाण आणि प्रौढांमधल्या मधुमेहाचा आकडा हाताशी असेल तर कळवा. कामगारांपैकी अंगमेहनत करणारे साधारण किती, हेही लागेल. त्यावरून पहिला रकाना कसा भरायचा ते पुढच्या उत्तरात गणितासकट दाखवतो.